दुपारच्या पट्ट्या

मेश्रामभाऊ, तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक एकामागून एक उठून बोलले. तुम्ही किती शांत होता, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत, हेच प्रत्येकानं सांगितलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मला उठून सांगावंसं वाटत होतं की याच शांतपणापायी या माणसानं माझं एक वर्ष वाया घालवलं. उठले नाही. तुमच्या मुलीनं, प्रज्ञानं, मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, तर मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. मध्ये अडवू नका. तसे तुम्ही कधीच अडवलं नाहीत, आणि माझं भांडण त्याचंच आहे.

बुटीबोरीच्या तुमच्या कारखान्यात मी आले ती माझ्या गरजेपोटी. लोखंडावर प्लास्टिकसारखा पातळ थर विजेनं उगवायचा, हे माझं काम. रंग वरून फासला की तो लोखंडावर नुसता बसून राहतो आणि एक ओरखडा गेला की त्याच्याखालून गंज धावतो. आमचा थर लोखंडालाच धरून वाढावा अशी खटपट. त्यासाठी सुरुवात करून देणारं एक रसायन लागतं, इनिशिएटर. आमचा इनिशिएटर म्हणजे डायझोनियम नावाचा एक क्षार. त्याच्या अ‍ॅसिड घातलेल्या पाण्यात लोखंडाची पट्टी बुडवून थोडी वीज दिली की त्यातला नायट्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो, उरलेला तुकडा लोखंडाला घट्ट धरतो आणि तिथून साखळी वाढायला लागते. विद्यापीठातल्या माझ्या प्रयोगशाळेत हे बोटाएवढ्या पट्टीवर होत होतं. हातभर पट्टीवर करायचं तर मोठी टाकी आणि वीज पुरवणारा मोठा रेक्टिफायर हवा. तो तुमच्या मालकांकडे, शेठजींकडे होता. कोपऱ्यातली एक रिकामी टाकी त्यांनी मला आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वापरायला दिली, अट एकच, सुपरवायझर हजर पाहिजे. म्हणजे तुम्ही. माझ्या संशोधनासाठी तीन वर्षं सुट्टी तुमची गेली, आणि हे माझ्या लक्षात यायलाही बरेच महिने लागले.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहावं तसं तुम्हाला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. नरखेडला आमच्या संत्र्याच्या बागेत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, तसं हे लोखंडावर कलम करायचं आहे, असं सांगितलं. तुम्ही खाली बसून ती आकृती बराच वेळ पाहिलीत. मग एकच प्रश्न विचारलात. "हे जमलं तं ही पिवळी टाकी काढता येईल का?"

पिवळी टाकी म्हणजे क्रोमिक अ‍ॅसिडची. रंगाला जाण्याआधी तुमच्याकडचे सगळे ब्रॅकेट तिच्यातून काढायचे, म्हणजे रंग धरतो आणि गंज थांबतो. या टाकीआधी तुम्ही दुसऱ्या एका कारखान्यात क्रोम प्लेटिंगवर बावीस वर्षं काढली होती. तिथल्या वाफेनं तुमच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलेलं होतं. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत. एकदा तुमच्या रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा मी विचारलं, आणि तुम्ही हवामान कोरडं असल्याचं सांगितलंत. तुमच्याच कारखान्यातल्या एका फिटरनं मला नंतर खरं सांगितलं. मी तुम्हाला त्यावरून बोलले, मास्क आणून दिला. तुम्ही तो घडी करून खिशात ठेवलात. मी गेल्यावर वापराल, असं म्हणालात. मी ते खरं मानलं.

तर टाकी काढता येईल का, या तुमच्या प्रश्नाला मी "नक्की" म्हणाले होते. माझा तेव्हा स्वतःवर फार विश्वास होता.

पहिलं वर्ष नुसतं फुकट गेलं. थर यायचा, दिसायलाही सुरेख दिसायचा, हलकी सोनेरी झाक असलेला. मग ब्लेडनं त्यावर चौकटी कापायच्या, चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची. चिकटपट्टीबरोबर अर्धा थर वर. दर वेळी. मी क्षाराचं प्रमाण बदललं, वीज कमीजास्त केली, ऑर्डर देऊन महागडं रसायन मागवलं. मे महिन्यात तो क्षार पाच अंशांच्या खाली ठेवायचा म्हणजे काय, हे नागपुरात राहणाऱ्यालाच कळेल. तुम्ही बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचात, गोणपाटात गुंडाळलेली, आणि टाकीभोवती फोडून भरायचात. दोन तासांत तिचं पाणी. पुन्हा फोडून भरायचात. मी पट्टी लावायची, तारा जोडायची, वहीत लिहायची, मग बटण दाबायची, आणि तुम्ही बर्फ हलवत माझ्या हातांकडे बघत असायचात.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदा बोललात. पट्टी बुडवल्यापासून बटण दाबेपर्यंत मी अर्धं मिनिट घालवते, आणि तेवढ्यात काम बिघडतं, असं तुमचं म्हणणं होतं. प्लेटिंगमध्ये काही कामं अशी असतात की वस्तू टाकीत उतरतानाच तिच्यात करंट असावा लागतो, नाहीतर थर पोकळ बसतो. तसं इथे करून पाहावं.

मी तुम्हाला समजावून सांगितलं की हे प्लेटिंग नाही. माझ्या आवाजात थोडी शिकवणीही असेल. या विषयावरच्या प्रत्येक शोधनिबंधात पट्टी आधी बुडवतात, मग वीज देतात. माझं यंत्रही तसंच बनवलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, अ‍ॅसिड तुमच्या बटनाची वाट पाह्यते का?" आणि बर्फ फोडायला गेलात.

त्यानंतर तो विषय तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी एकदा काढायचात, एकाच वाक्यात, आणि मी नाही म्हटलं की सोडून द्यायचात. मला आज राग येतो तो या सोडून देण्याचा. तुम्हाला ठाऊक होतं ना? खात्री होती ना? मग माझ्या हातातली पट्टी हिसकावून घ्यायची होती. बरोबर असलेल्या माणसानं एवढं नमून वागायचं कारण काय? माझ्या नावापुढे डॉक्टर होतं आणि तुम्ही दहावीनंतर कारखान्यात लागला होता, एवढंच कारण असेल तर ते मला चालत नाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. तेव्हा मात्र ते कारण मला चालत होतं, आणि सोयीचंही होतं.

वर्ष संपता संपता मी हरले होते. त्या दिवशी वहीसुद्धा उघडली नाही. तुम्हाला म्हटलं, करा तुम्हाला काय करायचं ते. तुम्ही तारा आधी जोडल्यात, करंट चालू केलात, पट्टी हुकाला लावलीत आणि एका दमात खाली उतरवलीत. बाहेर काढून धुतली, वाळवली. चौकटी कापल्या. चिकटपट्टी मी स्वतः ओढली. स्वच्छ निघाली. मी दुसऱ्यांदा लावून ओढली, नखानं घासून पुन्हा ओढली. काही सुटलं नाही. तुम्ही हसलाही नाहीत. "आता दुसरी करू," म्हणालात.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी तुम्हाला साधं "तुमचं बरोबर होतं" असं म्हणायचं विसरले. नंतरही म्हटलं नाही. पुढे कारण सापडलं, ते अगदी सोपं होतं. त्या अर्ध्या मिनिटात अ‍ॅसिड लोखंड खात होतं आणि क्षार वीज नसतानाही त्या खरखरीत, सुटू घातलेल्या पृष्ठभागावर वेडावाकडा बसत होता. म्हणजे तुम्ही एका वाक्यात सांगितलेलंच. मी त्याची सात पानं केली.

आता त्या व्याख्यानाचं. विभागात बाहेरून पाहुणे आले होते, मी आमचं काम सादर करणार होते, आणि तुम्हाला मी मोठ्या प्रेमानं बोलावलं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात, प्रज्ञाला सोबत घेऊन. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते एवढं मला माहीत होतं, भेट पहिलीच. तुम्ही दोघं मागे बसलात. मी पडद्यावर चित्रं दाखवत बोलले आणि महत्त्वाच्या जागी आले तेव्हा म्हणाले, "मग आमच्या लक्षात आलं की पट्टी उतरतानाच विद्युतप्रवाह चालू असायला हवा." टाळ्या वगैरे झाल्या. चहाच्या वेळी मी तुमच्याजवळ आले. तुम्ही छान झालं म्हणालात. प्रज्ञानं माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "मॅडम, आमच्या म्हणजे कोणाच्या?"

तुम्ही तिला हळूच दटावलंत. मी काहीतरी बोलले, समूहाचं काम असतं वगैरे. घरी जाताना स्कूटर चालवत असताना माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की निबंधावर तुमचं नाव घालायचं. आभाराच्या ओळीत नाही, लेखक म्हणून, माझ्या नावाशेजारी. विभागप्रमुखांनी विचारलं, यांची पदवी काय, संस्था कोणती. मी भांडले. तासभर भांडले आणि जिंकले. मला वाटलं आता फिटलं. लेखकाच्या संमतीचा फॉर्म घेऊन मी बुटीबोरीला आले आणि निबंधाची प्रत तुमच्या हातात दिली. प्रज्ञाकडून वाचून घेतो आणि सही करतो, असं तुम्ही म्हणालात.

आणि मग सुरू झालं तुमचं "पुढच्या आठवड्यात". प्रज्ञाच्या शाळेत परीक्षा आहेत. चष्मा तुटला. कागद घरी राहिला. चार महिने, भाऊ. चार महिने मी दर सुट्टीला येत होते, आपण दोघं काम करत होतो, तुम्ही बर्फ फोडत होता, आणि मी सहीचं विचारलं की तुम्ही पट्ट्या पुसायला लागायचात. मला आधी वाटलं संकोच आहे. मग वाटलं व्याख्यानातलं मनाला लागलं आहे आणि तुम्ही मला शिक्षा करता आहात. मग वाटलं शेठजींची भीती. मी घरी येऊन नवऱ्याजवळ तुमच्या नावानं बोटं मोडायची. एवढं भांडून नाव घातलं आणि या माणसाला एक सही जड झाली आहे.

तुम्ही दवाखान्यात असल्याचं मला नवव्या दिवशी कळलं. आधीच्या सुट्टीला मला यायला जमलं नव्हतं; या सुट्टीला आले तर कारखान्याचं गेट बंद दिसलं, म्हणून वॉचमनला विचारलं. नऊ दिवस तुम्ही ऑक्सिजनवर होता आणि घरच्यांना सांगून ठेवलं होतं की मॅडमला कळवू नका, त्यांचं काम अडेल. कोण म्हणालं तुम्हाला काम अडेल म्हणून? अडू द्यायचं होतं. फुफ्फुसं एका आठवड्यात बिघडत नसतात. आदल्या उन्हाळ्यात बर्फाची लादी उचलून आणताना तुम्ही दोनदा थांबला होता, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, वय झालं.

दुपारी भेटायची वेळ होती. तोंडावर मास्क, हाताला सुई. मी तुमच्याजवळ बसले. आणि भाऊ, मी जे केलं ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. पर्समधून तो फॉर्म काढला. "सही तेवढी राहिली आहे," असं म्हणाले. मला वाटत होतं की मी तुम्हाला काहीतरी देते आहे. तुम्ही फॉर्मकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि डोळे मिटून घेतलेत. मी समजले, थकलात. कागद घडी करून परत ठेवला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, आता सही कुठून आणणार, नाव आभारात घ्या आणि पाठवून द्या. मी पाठवून दिला. माझ्यात भांडायचं बळ नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तुमचा राग आला होता आणि तो राग मी असा काढला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. गच्चीवर तुमच्या बरण्या आहेत, त्या टाकायच्या की मॅडमना हव्या आहेत, असं तिनं विचारलं. मला कुठल्या बरण्या ते कळेना. मी गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची रांग होती. प्रत्येकीत मिठाचं पाणी, पाण्यात एक पट्टी. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवलेला आणि त्यावर तुमच्या अक्षरात तारीख आणि वेळ. सव्वानऊ. दहा. पावणेबारा. दीड. तीन. आपण केलेल्या प्रत्येक खेपेतल्या जास्तीच्या पट्ट्या तुम्ही घरी आणत होता, शेठजींना विचारून, आणि मला न विचारता.

मी खाली बसले आणि एकेक पट्टी बाहेर काढून फडक्यावर ठेवायला लागले. प्रज्ञानं त्या वेळेप्रमाणे लावल्या. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. सकाळच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. दुपारच्या पट्ट्यांना कडेनं फोड आले होते, तीनच्या पट्टीचा तर थर पापडासारखा सुटून बरणीच्या तळाशी पडला होता. सकाळी बनवलेला डायझोनियमचा क्षार दुपारपर्यंत टाकीतच मरत होता. बर्फ कितीही भरा, टाकीच्या मध्याला ऊब पोचत होती, इनिशिएटर सडत होता, आणि आपण सडलेल्या पाण्यात पट्ट्या बुडवत होतो. चिकटपट्टीची चाचणी आपण लगेच करायचो, तेव्हा त्या टिकायच्या. महिनाभर मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर खरं बाहेर आलं. आणि विद्यापीठात? वातानुकूलित खोलीत, दर पट्टीला नवं ताजं द्रावण घेऊन मी जे मोजलं होतं, त्यावरून निबंधात एक वाक्य लिहिलं होतं. हे द्रावण दिवसभर वापरता येतं.

"बाबांनी सही नाही केली ते ह्या वाक्यासाठी," प्रज्ञा म्हणाली. ती तुम्हाला मराठीत समजावून सांगत होती तेव्हा या वाक्यावर तुम्ही तिला थांबवलं होतंत. हे खरं नाही, म्हणाला होता. पण मॅडमनं मशिनीवर मोजलं असेल, आपल्या बरण्या पक्क्या होऊ दे, मग सांगू. चार महिने तुम्ही बरण्या पक्क्या होण्याची वाट पाहत होता.

मी तिला म्हटलं, मला एका शब्दानं का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगतलं होतं म्हणे. तुमी त्याहिले घरी जाऊन आराम करा म्हटलं."

तेव्हा मला आठवलं. पावसाळ्यानंतरच्या एका सुट्टीला तुम्ही म्हणाला होता, "मॅडम, दुपारचं काम बरं नाई होऊन राहिलं." मला वाटलं तुम्हाला दमायला होतं. मी म्हटलं, दुपारी तुम्ही आराम करत जा, मी बघते. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि बरं म्हणालात. बरं काय म्हणालात, भाऊ? "तुम्ही चुकीचं समजल्या" असं म्हणायला किती श्वास लागतो? मी गच्चीवर बसून तुमच्यावर इतकी चिडले की प्रज्ञा घाबरून पाणी घेऊन आली. मग मी रडले, आणि तीही.

दुसऱ्या दिवशी मी निबंध परत मागवला. विभागप्रमुख माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एका वाक्यासाठी कुणी निबंध मागे घेत नाही, ते वाक्य गाळायचं आणि पुढे जायचं. पण ते वाक्य गाळलं तर उरतं काय? सकाळी दोन तास चालणारी टाकी. शेठजींना मी जाऊन खरं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, ऐकून घेतलं. मग म्हणाले, दोन तासांत माझा माल निघत नाही मॅडम, तुमचं पक्कं होईपर्यंत पिवळीच चालू राहील. त्यांचंही चूक नाही. उपाय काहीतरी असेल. क्षार थोडा थोडा ताजा घालत राहायचा, की टाकीच लहान करायची, की दुसराच एखादा इनिशिएटर घ्यायचा जो उन्हाला भीत नाही. मी कागदावर सहा उपाय लिहिले आणि त्यातला कुठला कारखान्यात चालेल ते मला सांगता येत नाही. ते सांगणारा माणूस नऊ दिवस मला न कळवता दवाखान्यात पडून राहिला.

मी निबंध नव्यानं लिहिला. बरण्यांसकट, वेळांसकट, आणि पट्टी करंट चालू ठेवून उतरवायची हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं आणि ते किती दिवस ऐकलं गेलं नाही, यासकट. शास्त्रीय निबंधात असं लिहीत नाहीत. मी लिहिलं. लेखकांमध्ये तुमचं नाव घालायला वारसाची संमती लागते, म्हणून फॉर्म घेऊन तुमच्या घरी गेले. प्रज्ञानं तो हातात घेतला आणि खाली ठेवला. न समजलेल्या कागदावर बाबांनी कधी सही केली नाही, म्हणाली. मला पहिल्यापासून समजावून सांगा.

दोन रविवार लागले. ती वही-पेन घेऊन बसली, आणि वर्गातल्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासाव्या तसा एकेक परिच्छेद तपासला. डायझोनियममधला नायट्रोजन का निघतो, निघाल्यावर जागा कशी रिकामी होते, साखळी थांबते कशी, सगळं विचारलं. दुसऱ्या रविवारी ती पावणेबाराच्या पट्ट्यांवर अडली. एकाच दिवशी, एकाच टाकीतून, एकाच वेळी काढलेल्या दोन पट्ट्या होत्या. एक चांगली राहिली, एक फुगली. का?

मी सुरुवात केली की याला अनेक कारणं असू शकतात.

"म्हणजे माहीत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही माहीत.

"मग तसं लिहा."

मी तिथेच बसून लिहिलं. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं, तुमच्या नावासमोर सही केली आणि कंपासपेटी बंद केल्यासारखं पेनाचं टोपण लावलं. चहा टाकायला उठली. तुमच्या फोटोकडे मी पाहिलं नाही. मला तेव्हाही तुमचा रागच येत होता. हे सगळं तुमच्याबरोबर करता आलं असतं, त्याच घरात, त्याच चटईवर.

परवा कारखान्यात गेले होते, सुट्टी नसताना. लहान टाकीची परवानगी मागायला. पिवळ्या टाकीवर आता तुमच्या जागी चाळिशीतला एक माणूस आहे, मूळचा काटोलकडचा. हुकावर ब्रॅकेट लावून तो टाकीवर पूर्ण वाकत होता आणि नाकातोंडावर काही नव्हतं. मास्क कुठे आहे ते विचारलं, तर त्यानं खिशावर हात ठेवला. मी म्हटलं, काहून नाही लावला गा? तो ओशाळून हसला, लावतो ना मॅडम, म्हणाला, आणि तुम्ही जशी मान हलवायचात तशीच हलवून पुन्हा टाकीकडे वळला.

मी त्याच्या हातातला हुक धरला. आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या रांगेतली माणसं बघायला लागली आणि शेठजी केबिनच्या दारात आले.

"आत्ता लाव," मी म्हटलं. "मी इथंच उभी आहे."

त्यानं लावला. मी पाळी संपेपर्यंत तिथून हलले नाही.